मध्ये कुणी नसताना

"अगं, माझा मफलर तुझ्याच पिशवीत आहे बघ."

एवढंच वाक्य. दार उघडलं, दोन बॅगा आत आल्या, त्यांच्यामागून उन्हाने रापलेली दोन म्हातारी माणसं आली आणि सासऱ्यांनी दारातच उभं राहून हे वाक्य सासूबाईंना म्हटलं. सासूबाईंनी पिशवीत हात घातला. "उतरतानाच गळ्याला गुंडाळा म्हणून सांगत होते. पण माझं ऐकाल तर शपथ!" असं म्हणत त्यांनी मफलर काढून नवऱ्याच्या हातात दिला.

सूनबाईच्या हातात चहाचा ट्रे होता. तो पडला नाही, हे तिचं नशीब आणि कपांचंही. तिचा नवरा, घरातला थोरला, बॅग उचलायला वाकला होता तो तसाच वाकलेला राहिला. नणंदेने दोन्ही हात तोंडावर नेले. जावई दातांचे डॉक्टर. दुसऱ्यांची उघडी तोंडं बघण्यात त्यांचा जन्म गेला, पण आज त्यांचंच तोंड मिटायचं नाव घेईना.

"काय झालं?" सासरे म्हणाले. "भूत बघितल्यासारखे काय उभे आहात सगळे?"

भूत परवडलं असतं. सूनबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून या नवरा-बायकोने एकमेकांशी एक अक्षर बोललेलं तिने ऐकलं नव्हतं. तिने काय, नणंदेनेही ऐकलं नव्हतं. थोरला पाचवीत असताना दोघांचा अबोला सुरू झाला, तेव्हा नणंद बोबडं बोलत होती. आज थोरल्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते.

खाली जुन्या सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवायचा कारखाना, वर घर. सासरे खाली सांगाडे ठोकायचे, स्प्रिंगा बांधायचे, फोम बसवायचे. सासूबाई वर खिडकीशी मशीनवर खोळी शिवायच्या. मध्ये जिना, आणि त्या जिन्यावरून दिवसभर निरोपांची ये-जा. "आईला सांग, पाठीला दोन बोटं कापड जास्त ठेव." "बाबांना सांग, जास्त कशाला, ताणून ठोका म्हणावं." जेवायला दोघं समोरासमोर बसायची, पण "अरे, त्यांना विचार, मीठ हवंय का," हे मिठाची बाटली नवऱ्याच्या नाकासमोर धरून मुलाला सांगितलं जायचं. आधी हे काम थोरल्याने केलं, मग नणंदेने, आणि सूनबाई आल्यावर दोघा भावंडांनी ते तिच्या गळ्यात घातलं आणि मोकळी झाली. नणंद तिला लाडाने 'टपालखातं' म्हणायची.

समुद्रसफरीची टूम नणंदेचीच. आईबाबांच्या लग्नाची पन्नाशी, इथे हाडं गोठवणारी थंडी, तर त्यांना जहाजात बसवून उबदार बेटांवर फिरवून आणू, असं तिने ठरवलं. ती स्वतः तिसरी म्हणून जाणार होती. तिसरं माणूस नसेल तर ती दोघं चहासुद्धा मागू शकणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बंदरावर नणंदेच्या अंगात ताप निघाला आणि जहाजाच्या डॉक्टरने तिला चढू दिलं नाही. तोवर म्हातारी दोघं गर्दीच्या रेट्याने पुढे गेली होती. ही काचेअलीकडून हात हलवत राहिली आणि घरी येऊन ढसाढसा रडली. "वहिनी, मध्ये कुणी नाही गं! एका खोलीत ती दोघं करणार काय?"

बेटांवरून एक-दोनदा फोन आले. ते सासूबाईंचे, आणि त्यांत नुसतं "आम्ही बरे आहोत." त्या 'आम्ही'चा कीस नणंद आणि सूनबाई पुढचे कित्येक दिवस काढत बसल्या होत्या.

आणि आता हे. मफलर.

चहा आणि केक झाला तेव्हा सगळे एकमेकांना चिकटून बसले होते, जणू कुणी उठलं तर सगळं मोडेल. सासरे मात्र रंगात आले होते.

"पहिले दोन-तीन दिवस हाल झाले. खोली आवरायला एक मिशाळ माणूस यायचा. त्याला आपली भाषा ओ की ठो कळायची नाही. मी आपला त्याला म्हणायचो, यांना विचार, फिरायला येणार का. तो मान डोलवायचा आणि टॉवेलचा हंस करून पलंगावर ठेवायचा."

"मी त्याला म्हटलं, यांना सांग, येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तर दुसऱ्या दिवशी टॉवेलचा हत्ती!"

नणंद खो-खो हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. सूनबाईही हसत होती, पण तिच्या अंगावर काटा होता. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. इतकी वर्षं ही वाक्यं कुठे दडून बसली होती?

"मग बोललात कसे?" जावयांनी विचारलं.

"डेकवर," सासरे म्हणाले. "लांबलचक आरामखुर्च्या मांडलेल्या. हवा अशी की सदरासुद्धा नको वाटावा. समोर बेट आलेलं, हिरवंगार, नारळाची झाडं थेट पाण्यात वाकलेली. सगळं जहाज कठड्याशी जाऊन बेट बघतंय आणि मी बघतोय खुर्चीच्या गादीची शिवण."

"मीसुद्धा," सासूबाई म्हणाल्या.

"काठाला उसवली होती. मी आपला स्वतःशीच म्हटलं, दोरा कच्चा वापरलाय. तर शेजारून आवाज आला—"

"दोऱ्याला काय झालंय, माप कमी घेतलंय! कमी कापड ओढून शिवलं की ते उसवणारच."

"बघितलं तर हिचंच बरोबर होतं," सासरे म्हणाले. मग त्यांनी एकदम मान वळवली. "सूनबाई! तुझ्याकडे वेगळं बघायचंय मला."

 ही वेळ कधीतरी येणार, हे ती मफलर पाहिल्यापासून जाणून होती.

"ही मला म्हणते, गुडघा आता बरा आहे. म्हटलं, कसला गुडघा? तर म्हणे, तुम्हीच तर रोज सकाळी सूनबाईकडून चौकशी करता! मी जन्मात कधी केली नाही."

"आणि मी म्हणे यांना सांगून पाठवायची, थंडीत उघड्या दाराशी काम करू नका," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणायची, मरू देत तिथेच गारठून."

हशा पिकला. सूनबाईचे कान तापले. तिने काय काय जिन्यावर बदललं होतं ते तिचं तिलाच आठवेना. 'डोकं ठिकाणावर आहे का तिचं' याचं 'जरा पुन्हा बघता का, आई' व्हायचं. पुढे पुढे तर खालून काहीच आलं नाही, तरी ती काहीतरी वर नेऊन द्यायची.

"तुला माफ," सासरे म्हणाले. "तू पदरची भर घातलीस. भर घालणाऱ्याला मी माफ करतो." त्यांनी कप खाली ठेवला. "गाळणाऱ्याला नाही करणार."

त्यांचा आवाज असा काही उतरला की हसणं जागच्या जागी थांबलं.

"तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही, नेमकं काय झालं होतं ते. आज ऐका. नाटकगृहाच्या खुर्च्यांचं काम होतं. खोळ सांगाड्यावर बसेना. मी गिऱ्हाइकासमोर, चार कामगारांसमोर हिची शिलाई टराटरा उसवली आणि म्हटलं, हे बायकांचं काम नव्हे. ही वर निघून गेली आणि बोलायची बंद झाली. पुढे मी सांगाडा परत मोजला. माझंच माप चुकलं होतं." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मी निरोप पाठवला. म्हटलं, आईला सांग, शिलाई बरोबर होती, माप माझं चुकलं, मला माफ कर. खाली जिन्याशी उभा राहिलो. उत्तर आलं नाही. मला वाटलं, एवढा माज? तर राहू दे तशीच. आणि आता जहाजावर ही म्हणते, असला निरोप मला कुणी सांगितलाच नाही!"

 सासूबाई टेबलावरचा केकचा चुरा बोटाने गोळा करत होत्या.

"उभा जन्म मी हिला दगड समजलो," सासरे म्हणाले. "आणि हिला बिचारीला पत्ताच नाही. रडलो मी तिथे, सगळ्या लोकांदेखत." ते थोरल्याकडे वळले. "तुला पाठवलं होतं मी. आठवतं?"

थोरल्याने आईकडे पाहिलं. सूनबाई त्याच्याच बाजूला बसली होती, म्हणून तिला ते दिसलं. सासूबाईंनी मान वर केली नाही.

"आठवतं," थोरला म्हणाला.

"मग?"

"विसरलो. वर जाईपर्यंत विसरलो."

"एक जिना चढेपर्यंत?"

"हो."

"आणि पुढे? रोज आम्हाला असं बघत होतास, तेव्हाही आठवलं नाही?"

"आठवलं. पण मग सांगायची भीती वाटली."

"दादा!" नणंद किंचाळली. सासरे ओरडण्याआधी तीच उठून उभी राहिली. "दादा, तू? माझ्या शाळेच्या प्रत्येक समारंभात आई एका टोकाला आणि बाबा दुसऱ्या टोकाला! माझ्या लग्नाच्या फोटोत मध्ये मावशी उभी आहे! मैत्रिणींना मी घरी आणलं नाही कधी. आणि हे सगळं तू विसरलास म्हणून?"

"अगं, तो लहान होता," जावई मध्ये पडले. "त्या वयात मेंदूची वाढ—"

"तुम्ही दात बघा!" नणंद म्हणाली. जावयांनी दातच मिटले.

इतकी वर्षं या भावंडांची एकी होती. आईबाबांच्या अबोल्यात ती दोघं एकमेकांच्या आधाराने वाढली, आणि सूनबाईला कित्येकदा त्या दोघांत आपण उपऱ्या आहोत असं वाटायचं. आज नणंद भावाकडे अशी बघत होती, जणू त्याला पहिल्यांदाच पाहतेय. थोरला एका शब्दानेही उलटून बोलला नाही. तो उठला आणि जिना उतरून खाली गेला.

सूनबाईला एवढ्या गोंधळात एकच गोष्ट खटकत होती. तिचा नवरा विसरत नाही. कुठल्या गिऱ्हाइकाच्या कुठल्या सोफ्याला किती कापड लागलं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. बायकोने भांडणात म्हटलेलं तर तो कधीच विसरत नाही, हा तिचा रोजचा अनुभव.

सासूबाई कप उचलून स्वयंपाकघरात गेल्या. सूनबाई त्यांच्यामागोमाग आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

सासूबाई कप विसळत होत्या. विसळलेलेच पुन्हा विसळत होत्या.

"आई, ते विसरणाऱ्यातले नाहीत."

"लहान होता तेव्हा."

"आई."

सासूबाईंनी नळ बंद केला. त्या खिडकीकडे वळल्या. काचेवर धुकं साचलं होतं, त्यातून दिसण्यासारखं काही नव्हतं.

"सांगितलं होतं त्याने," त्या म्हणाल्या.

सूनबाईने पुसायला घेतलेला कप खाली ठेवला.

"त्याच संध्याकाळी. मी मशीनवर होते. येऊन शेजारी उभा राहिला आणि पाठ केल्यासारखा शब्दन् शब्द म्हणून दाखवला. मी मशीन थांबवलं नाही. त्याने विचारलं, आई, बाबांना काय सांगू? मी म्हटलं, काही नको सांगूस."

"पण का?"

"का म्हणजे? चारचौघांत उसवलं, आणि माफी पोराच्या हाती? मला वाटलं, स्वतः वर येतील. जिन्यावर पाय वाजला की मी मशीन थांबवून ऐकायची. नाहीच आले." त्यांनी ओले हात पदराला पुसले. "आधी राग होता गं. मग सवय झाली. मग लाज वाटायला लागली. इतक्या दिवसांनी काय म्हणून तोंड उघडायचं?"

"आणि जहाजावर?"

"जहाजावर त्यांनी विचारलं, तो निरोप आला तेव्हा तुला काय वाटलं होतं? माझ्या तोंडून निघून गेलं, कसला निरोप? आणि ते रडायलाच लागले. माझा हात धरला. मग मला पुढे सांगताच येईना. रोज ठरवायची, उद्या सांगते. आणि रोज ते आणखी बोलायचे. लहानपणचं बोलायचे, मला कधीच न सांगितलेलं. बेटावर आम्ही शिंपले वेचले, सूनबाई. गुडघाभर पाण्यात उभं राहून, हात धरून." त्यांनी सूनबाईचं मनगट पकडलं. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. "त्यांना कळलं तर ते पुन्हा गप्प होतील. मला आता ते सोसवायचं नाही. तू एवढी वर्षं गोड करून सांगितलंस ना? आता नुसती गप्प राहा."

सूनबाईला या बाईची कणव आजवर शंभरदा आली होती. राग आज पहिल्यांदा आला. पोटचा पोर बाहेर बोलणी खात होता आणि ही बसून केकचा चुरा गोळा करत होती. तिने मनगट सोडवून घेतलं आणि मागच्या दाराने खाली गेली.

कारखान्यात एक जुना सोफा अर्धवट सोलून ठेवला होता, त्याच्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या. थोरला खाली बसून लाकडातले जुने खिळे पकडीने उपटत होता आणि डब्यात टाकत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"आईने सांगितलं ना तुला?" तो म्हणाला.

"तुम्ही का ओढवून घेतलंत?"

"मग काय करू? म्हणू, बाबा, आई खोटं बोलतेय?" एक खिळा डब्यात पडला. "तू मघाशी ऐकलंस ना? 'अगं, माझा मफलर.' हे असलं काहीतरी ऐकायला मी किती तरसलो होतो तुला माहीत नाही. शाळेतून येताना जिन्याखाली थांबायचो. आज वरून दोघांचे आवाज येतील, असं वाटायचं. यायचा तो एकट्या मशीनचा. आता सुरू झालंय. ते माझ्यामुळे थांबायला नको."

"तुमच्यामुळे? तुम्ही काय केलंत?"

"मी दुसऱ्यांदा जाऊन सांगायला हवं होतं."

सूनबाई त्याच्यापाशी खाली बसली. "अहो, पाचवीत होतात तुम्ही."

त्याने आणखी एक खिळा उपटला.

"आणि बाबांनी तुमच्याशी बोलणं टाकलं तर?"

"टाकतीलच. स्वभाव आहे तो." त्याने खांदे उडवले आणि पुन्हा पक्कड उचलली. "चालेल की. तू आहेस ना मध्ये."

तो हे सहज म्हणाला, प्रेमानेच म्हणाला. सूनबाई मात्र हादरली. तिला जिना दिसला. सासरे खाली, नवरा वर, किंवा नवरा खाली, सासरे वर, आणि मध्ये ती, पायऱ्या चढतेय, उतरतेय, शब्द बदलतेय, स्वतःचे गुडघे दुखायला लागेपर्यंत. खरं सांगितलं तर सासूबाईंचं बोलणं तुटणार होतं. गप्प राहिलं तर नवऱ्याचं तुटणार होतं आणि ते सांधायचं काम जन्मभर तिच्याकडे येणार होतं. नवऱ्याने तिला न विचारता ते तिला देऊनही टाकलं होतं.

"जेवायला चला," ती म्हणाली. 

दुपारचं जेवण वाढून झालं होतं. सासरे टेबलाच्या टोकाला बसले होते. थोरला येऊन त्यांच्या डाव्या हाताला, नेहमीच्या जागी बसला. सासऱ्यांनी पाण्याचा पेला भरला, अर्धा प्यायले आणि समोर बघत म्हणाले,

"सूनबाई, त्याला सांग, उद्यापासून कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. मी दुसरा माणूस बघेन."

थोरला त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. नणंदेच्या हातातला घास थांबला. मघापासून ती भावाकडे पाहतही नव्हती, पण हा सूर तिने लहानपणापासून ऐकला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबांना सांग," थोरला शांतपणे म्हणाला, "ठीक आहे म्हणावं. किल्ल्या संध्याकाळी देतो."

तोच सूर. तसाच, तंतोतंत. सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला त्याच्या जागी दुसरा म्हातारा बसलेला दिसला. सगळे तिच्याकडे बघत होते. सासरे वाट बघत होते, नवरा वाट बघत होता, दोघंही अगदी सवयीने.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"मी नाही सांगणार."  या घरात तिने सासऱ्यांना 'नाही' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "ते इथे बसलेत. तुमचं बोलणं त्यांना ऐकू येतं. काय म्हणायचंय ते त्यांच्या तोंडावर म्हणा. शिव्या द्या, हवं तर मारा. पण मी आजपासून या घरात कुणाचं काही कुणाला सांगणार नाही. खरं नाही, खोटं नाही, गोड नाही, काहीच नाही."

ती सासूबाईंकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर सगळं तोंडातून बाहेर पडलं असतं, म्हणून तिने नजर ताटात रोवली. 

"त्याने सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, नको," थोरला म्हणाला.

"तू गप्प बस. इतकी वर्षं माझं झाकायला गप्प बसलास, आता मला बोलता यावं म्हणून बस." त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. "निरोप मला मिळाला होता. त्याच दिवशी. शब्दन् शब्द. मी उत्तर दिलं नाही."

सासऱ्यांना ते कळायला वेळ लागला. कळलं तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा बेटांवरचा रापसुद्धा उतरल्यासारखा वाटला.

"जहाजावर तू म्हणालीस—"

"खोटं बोलले."

"का?"

"तुम्ही बोलत होतात म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "खरं सांगितलं असतं तर थांबला असतात."

सासरे उठले. खुर्ची मागे सरकली, पडली, कुणी उचलली नाही. ते जिन्याच्या दाराकडे चालू लागले. ती पाठ घरातल्या प्रत्येकाच्या ओळखीची होती. अशी पाठ फिरवून ते खाली जायचे आणि मग दिवसभर हातोडीशिवाय कसलाच आवाज यायचा नाही. त्यांनी कठड्यावर हात ठेवला.

"संपलं," नणंद पुटपुटली आणि तिने भावाचा हात घट्ट धरला.

सूनबाईला वाटलं, हे मी केलं. गप्प राहिले असते, एक निरोप सांगितला असता, काय बिघडलं असतं? आजवर इतके सांगितले.  सासूबाई मागे वळून बघत नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर घेऊन त्या ताठ बसल्या होत्या.

सासरे पहिली पायरी उतरले. आणि थांबले.

मग ते वळले. 

"मी खाली उभा होतो," ते म्हणाले. "पोर वर गेल्यापासून अंधार होईपर्यंत उभा होतो. आणि तू वर ऐकून बसली होतीस?"

"हो."

"फार वाईट केलंस तू. फार म्हणजे फार वाईट केलंस."

"केलं. आणि तुम्ही?" सासूबाई ताडकन उठल्या. "तुम्हाला एक जिना चढवला नाही!"

"निरोप पाठवला होता मी!"

"उसवायला पोराला पाठवलं होतंत का? उसवायला स्वतः आलात, माफीला पोर!"

"एवढं होतं तर मशीन थांबवून म्हणायचं होतंस!"

"तुम्ही ऐकलं असतं? हातोडी कधी थांबवलीत आयुष्यात?"

"आपण जरा शांतपणे—" जावई म्हणाले.

"तुम्ही मध्ये पडू नका!" दोघं एकदम ओरडली.

सासरे टेबलाशी परत आले होते. त्यांचा आवाज चढला होता, मान लाल झाली होती. मध्येच ते थोरल्याकडे वळले. "आणि तू रे गाढवा! माझ्या तोंडावर खोटं बोलतोस? मी म्हणालो जा, तर किल्ल्या देतोस? उद्या सकाळी वेळेवर खाली ये, मग बघतो तुझ्याकडे!" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा बायकोकडे. "मी म्हातारा झालो तुझ्यापायी!"

"मी काय तरणी राहिले?"

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे वाहत होते, थेंब ताटात पडत होते आणि तो ते पुसत नव्हता. जेवण निवत चाललं होतं. कुणाला उठावं की बसावं, कळत नव्हतं.

"ओरडू नका!" सासूबाई ओरडल्या.

"ओरडणार!" सासरे म्हणाले. त्यांनी पडलेली खुर्ची उचलली, फरफटत आणून बायकोच्या अगदी समोर ठेवली आणि ठाण मांडून बसले.